नाशिकचा मुक्काम लांबला तर अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जाचं काय होतं?

सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. गंगापूर रोडवरच्या आमच्या ओळखीतल्या ग्रीन कार्डवाल्या आईवडिलांचे बेत आत्तापासूनच ठरू लागलेत. जानेवारीत घरातलं लग्न, मग द्राक्षं, मग आंबे, आणि पर्वणी साधूनच परत. पण जानेवारी ते सप्टेंबर म्हणजे आठ महिने झाले. ज्यांना पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचाय त्यांनी तिकीट काढायच्या आधी हे वाचावं, म्हणून लिहितेय.

मी बँकेतून निवृत्त झाले. मुलाने आम्हा दोघांना ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला नेलं आणि यथावकाश आम्ही दोघांनी शपथही घेतली. तेव्हापासून नाशकात आले की सकाळी जॉगिंग ट्रॅकवर कुणी ना कुणी हाच विषय काढतं.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. ग्रीन कार्ड टिकणं आणि नागरिकत्वासाठी मुदत भरणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकात शिल्लक आहे म्हणून दुसऱ्यावरचा चेक वटत नाही. “सहा महिन्यांतून एकदा तिकडे पाय लावून यायचं, की झालं” हे जे सगळे एकमेकांना सांगतात, त्यात ही दोन्ही खाती एकत्र केलेली असतात.

नागरिकत्वासाठी दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. एक, ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षं सलग वास्तव्य. दोन, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत निदान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत हजर असणं. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल आणि संसार एकत्र चालू असेल, तर हेच तीन वर्षं आणि १८ महिने. अर्ज पाच वर्षं पुरी व्हायच्या ९० दिवस आधी टाकता येतो, पण हजेरीचे ३० महिने मात्र अर्ज टाकायच्या दिवशी भरलेले हवेत. दरवर्षी साडेपाच-पावणेसहा महिने नाशकात काढणाऱ्यांची एकेक फेरी नियमात बसते, पण पाच वर्षांची बेरीज अगदी काठावर येते. शिवाय तुमचं खरं घर कुठलं, हा प्रश्न अधिकारी विचारणारच.

दिवस मोजताना बहुतेकांचा गोंधळ तारखांत होतो. समजा, तुम्ही १० नोव्हेंबर २०२४च्या रात्री नेवार्कहून निघालात. मुंबईचा शिक्का ११चा किंवा १२चा पडेल. तो धरायचा नाही. अमेरिका सोडल्याचा दिवस आणि अमेरिकेत उतरल्याचा दिवस, दोन्ही अमेरिकेतल्या हजेरीत धरतात. ५ मे २०२५ला परत उतरलात तर बाहेरचे दिवस ११ नोव्हेंबर ते ४ मे, म्हणजे १७५. आणखी आठवडाभर राहिला असतात तर १८० दिवस, म्हणजे सहा महिने, ओलांडले असते. म्हणून पहिल्या फेरीपासून साधी वही करा: निघाल्याची तारीख, उतरल्याची तारीख, बाहेरचे दिवस, कारण. अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, अशा सगळ्या फेऱ्या लिहाव्या लागतात. अमेरिकेच्या विमानतळावर हल्ली अनेकदा शिक्काच मारत नाहीत, तेव्हा ई-तिकिटं जपून ठेवा.

आता मूळ मुद्दा. एकच फेरी सहा महिन्यांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी झाली, तर वास्तव्याची सलगता तुटली असं गृहीत धरतात. तुटलीच, असं नाही. ती टिकून होती हे दाखवायची जबाबदारी मात्र तुमची. नोकरी सोडली नव्हती, जवळचं कुटुंब अमेरिकेतच होतं, तिथलं घर तुमच्यासाठी कायम खुलं होतं, बाहेर नोकरी धरली नव्हती, असे पुरावे चालतात असं नियमात म्हटलंय. आपल्यासारख्या निवृत्तांकडे नोकरी नसते, भाडेकरारही मुलाच्या नावावर. मग काय दाखवणार? तिथल्या बँकेचं स्टेटमेंट, ज्यात त्या काळातही व्यवहार दिसतात. आरोग्य विम्याचे हप्ते. राज्याचं ओळखपत्र. तिथल्या डॉक्टरांच्या आधीच्या आणि नंतरच्या तारखा. आधी काढलेलं आणि मग पुढे ढकललेलं परतीचं तिकीट; हा कागद मला फार मोलाचा वाटतो, कारण परत जायचा इरादा त्यातून उघड दिसतो. मुक्काम आजारपणामुळे लांबला असेल तर डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, डॉक्टरांचं प्रवास करू नये असं पत्र, सगळं तारखेसकट त्याच वेळी मागून घ्या. दोन वर्षांनी इस्पितळात जाऊन जुने कागद शोधायला लावणं कुणाच्याच नशिबी येऊ नये.

फेरी एक वर्ष किंवा त्याहून लांबली, तर पुराव्याला जागाच नाही, सलगता तुटते. परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस झाल्यावर अर्ज टाकता येतो. पण तेव्हा मागच्या पाच वर्षांत त्याच गैरहजेरीचे जवळजवळ १२ महिने येतात, म्हणून वरचं गृहीतक पुन्हा आडवं येतं. माझं मत विचाराल तर साडेचार वर्षं थांबून निर्धास्तपणे अर्ज करा.

“आमच्याकडे रीएन्ट्री परमिट आहे ना!” हे मी फार ऐकते. लांबच्या मुक्कामानंतर अमेरिकेत परत शिरायचा हा परवाना चांगलाच आहे. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, आणि ते साधारण दोन वर्षांपर्यंत ग्रीन कार्ड सांभाळतं. नागरिकत्वाची सलगता ते सांभाळत नाही. परमिटवर चौदा महिने नाशकात राहिलात, तर कार्ड वाचेल, पण नागरिकत्वाची मुदत नव्याने सुरू होईल. परमिट नसताना वर्षाच्या वर राहिलात, तर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत रिटर्निंग रेसिडेंट व्हिसासाठी, म्हणजे ग्रीन कार्डवाल्याला परत जाण्यासाठी लागणाऱ्या व्हिसासाठी, अर्ज करायची वेळ येते.

नोकरदार मुलांसाठी नागरिकत्वाची सलगता टिकवायला एन-४७० नावाचा वेगळा अर्ज आहे. अमेरिकन कंपनीने तिच्या परदेशी व्यापाराच्या कामासाठी नाशिकच्या अंबड-सातपूरला पाठवलं असेल तर तो बघावा. पण त्याआधी ग्रीन कार्डवर सलग एक वर्ष अमेरिकेत काढलेलं हवं, अर्ज बाहेर वर्ष भरायच्या आत हवा, आणि खासगी नोकरीत हजेरीच्या ३० महिन्यांतून सुटका नाही.

कराचं विसरू नका. ग्रीन कार्डवाल्याने नाशिकच्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, पेन्शन, सगळं अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवायचं असतं, तेही तिथला रहिवासी म्हणून. चार पैसे वाचवायला अनिवासी म्हणून विवरणपत्र भरलं, तर तेच तुमच्या विरुद्ध वापरलं जाऊ शकतं.

विमानतळावर अधिकाऱ्याने लांब मुक्कामाबद्दल विचारलं तर शांतपणे खरं सांगा. आय-४०७ हा ग्रीन कार्ड सोडून देण्याचा फॉर्म आहे. तो घाबरून सही करून देऊ नका; इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा हक्क तुम्हाला आहे.

अर्ज टाकल्यावरही सलग वास्तव्याची अट शपथेपर्यंत चालू राहते. बोटांचे ठसे आणि मुलाखतीच्या तारखा येत असतात, तेव्हा त्या काळात नाशिकला यायचंच झालं तर आठ-पंधरा दिवसांत परता. मुलाखतीनंतर परदेशी गेला होतात का, हे शपथेच्या दिवशी एन-४४५ या फॉर्मवर पुन्हा लिहून द्यावं लागतं. वही त्या दिवशीही सोबत न्या.