गोव्यात क्लबाचे सभासद न होता सामूहिक सायकल फेरी कशी शोधावी

घरात सायकल आहे, रविवारची सकाळ मोकळी आहे आणि एकट्याने मिरामार ते दोनापावल करून आता कंटाळा आलाय. चार माणसांबरोबर जावंसं वाटतं. पण वार्षिक वर्गणी, क्लबची जर्सी, पहाटे साडेचारपासून वाजणारा व्हॉट्सअॅप ग्रुप यातलं काही नको आहे. अशा माणसासाठी गोव्यात पुष्कळ सोय आहे, फक्त ती एका जागी लिहून ठेवलेली नाही. इथल्या बऱ्याचशा फेऱ्यांत सभासदत्व कोणी विचारत नाही. विचारतात ते दोनच प्रश्न: हेल्मेट आहे का, आणि साधारण किती वेगाने चालवता?

आधी स्वतःचा आकडा काढा

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण अंदाजे काहीतरी सांगतात आणि मग फेरीत मागे पडतात. म्हणून शोधाशोध करण्याआधी एका सकाळी सपाट रस्त्यावर तासभर सायकल चालवून पाहा. कोलव्याहून बाणावली, वार्का करत मोबोरकडे जाणारा किनाऱ्यामागचा रस्ता यासाठी उत्तम. फोनवर स्ट्राव्हा किंवा तसलं कुठलंही अॅप चालू ठेवा. साध्या किंवा हायब्रीड सायकलवर अधूनमधून चालवणाऱ्याचा वेग ताशी बारा ते पंधरा किलोमीटर येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रोडबाईकवाले गट सपाटीवर पंचविसाच्या वर जातात, त्यांच्यात तुम्ही पहिल्या वळणापर्यंतच टिकाल.

मग एक चढण करून पाहा. पर्वरीची, नाहीतर फोंड्याकडचे असाल तर फर्मागुढीची. नदीकाठ, खाजनं (खाडीकाठची सखल शेतं) आणि किनारपट्टी सोडली तर गोवा म्हणजे पठारं आणि त्यांच्या उतरणी. त्यामुळे ‘फक्त पंचवीस किलोमीटर’ ही ओळ वाचून हुरळून जाऊ नये. दिवाडी बेटावरचे सपाट पंचवीस आणि डिचोलीच्या डोंगरातले पंचवीस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कुठे बघावं

गोव्यात याचं पहिलं उत्तर अजूनही वर्तमानपत्र हेच आहे. ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’, ‘तरुण भारत’, ‘लोकमत’ यांच्या स्थानिक पानांवर शुक्रवार-शनिवारी छोट्या बातम्या येतात: अमुक पंचायतीची, अमुक महाविद्यालयाची, रोटरीची सायकल रॅली. नोंदणीसाठी आयोजकांचा फोन बहुधा बातमीच्या शेवटच्या ओळीत असतो. तीच फेरी इंटरनेटवर शोधायला गेलात तर सापडेलच असं नाही.

काही तारखा ठरलेल्या असतात, त्या आधीच कॅलेंडरवर मांडून ठेवा. ३ जून हा जागतिक सायकल दिन, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली जाहीर केलेला. आपल्याकडे तो नेमका पावसाच्या तोंडावर येतो, तेव्हा रेनकोट जवळ असू द्या. २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन आणि ३१ ऑक्टोबरला एकता दिवस. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला तेल कंपन्यांच्या ‘सक्षम’ या इंधनबचतीच्या मोहिमेचे सायकल कार्यक्रम होतात. डिसेंबर २०२४ पासून केंद्राच्या फिट इंडिया मोहिमेचा ‘संडेज ऑन सायकल’ हा रविवारचा उपक्रमही देशभर सुरू झाला आहे. हे सगळे कार्यक्रम बहुधा फुकट असतात, अंतर पाच-दहा किलोमीटर, वेग लहान मुलांनाही झेपेल असा. सरकारी रॅलीत एक गोष्ट गृहीत धरावी. साडेसहाला बोलावलं तर झेंडा साडेसातला हलतो, आणि कधी कधी भाषणं फेरीपेक्षा लांबतात. पाण्याची बाटली बरोबर घ्या, सावली धरून उभे राहा.

दुसरी जागा म्हणजे सायकलचं दुकान. पणजी, मडगाव, म्हापसा इथल्या गिअरच्या सायकली विकणाऱ्या दुकानदारांना शहरातल्या सगळ्या गटांची खबर असते, कारण सगळ्यांच्या सायकली दुरुस्तीला त्यांच्याकडेच येतात. काही दुकानं स्वतःही रविवारची फेरी काढतात. त्यांचा हिशेब सरळ आहे: चालवणारा माणूस टायर झिजवणार, ब्रेकपॅड बदलणार. त्यात गैर काही नाही, तुम्हाला फेरी मिळाली की झालं. ब्रेक तपासायच्या निमित्ताने जा आणि विचारा, “नवख्यांना चालेल अशी फेरी कोण काढतं?” क्लब कोणते आहेत असं विचारलंत तर क्लबांचीच यादी मिळेल.

मग फोन. टाउनस्क्रिप्ट, इंडिया रनिंग यांसारख्या नोंदणीच्या साइटवर पैसे भरून जायच्या सायक्लोथॉन सापडतात. इंग्रजीत शोधताना पणजी आणि पंजिम, मडगाव आणि मारगाव अशी दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा, आयोजक आपापल्या सवयीने लिहितात. स्ट्राव्हावर गोव्यातल्या गटांची पानं आहेत. तिथे ‘सामील व्हा’ दाबलं म्हणजे तुम्ही क्लबचे सभासद झालात असं नाही, पैसे लागत नाहीत, फक्त पुढच्या फेरीची सूचना दिसू लागते.

आणि हे सगळं करायचा आळस असेल तर रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला जुने गोव्याच्या किंवा रायबंदरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर जाऊन उभे राहा. दिवाडी आणि चोडणला जाणारे सायकलवाले तिथे हमखास भेटतात. बोटीत दुसरं करायला काही नसतं, त्यामुळे लोक बोलतात.

जाहिरात नीट वाचा

चांगली फेरी आणि पस्तावायला लावणारी फेरी यांतला फरक जाहिरातीतच दिसतो, म्हणून इथे घाई करू नका. फेरीची जात वेगावरून कळते, तेव्हा अंतराच्या आधी वेग पाहा. वेग लिहिलाच नसेल तर फोन करून विचारा. “कसाही चालतो” असं उत्तर आलं तर जपून, कारण त्या गटात जो सर्वांत तगडा असेल त्याच्या वेगाने सगळे जाणार.

‘नो ड्रॉप’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ मागे पडलेल्याला सोडून गट पुढे जात नाही. पण हा शब्द हल्ली कोणीही छापतं. खरी परीक्षा स्वीप कोण आहे या प्रश्नात आहे. स्वीप म्हणजे मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहणारा अनुभवी माणूस. त्याचं नाव आयोजकाला चटकन सांगता आलं तर निर्धास्त जा. अडखळला तर समजा, शेवटचा माणूस तुम्हीच असणार आणि पंक्चर झालं तर तेही तुम्हीच काढणार.

मग मार्ग. नकाशा मागून घ्या आणि तो राष्ट्रीय महामार्ग ६६ वर किती वेळ चालतो ते बघा. ओलांडण्यापुरता असेल तर हरकत नाही, पण महामार्गावरून दहा किलोमीटर नेणारी फेरी मी नवख्याला सुचवणार नाही, मार्शल कितीही असोत. डिचोली, सांगेच्या बाजूला खनिजाचे ट्रक कोणत्या रस्त्यांवर असतात हे स्थानिक माणसाला विचारावं. त्यासाठी पोदेरासारखा जाणकार नाही. गोव्यात रोज पहाटे पावाची टोपली बांधून, भोंपू वाजवत गावभर सायकल फिरवणारा तो माणूस. कुठला रस्ता खोदून ठेवलाय हे त्याला वर्तमानपत्राच्या आधी कळतं.

पैसे भरायचे असतील तर त्यात काय काय येतं ते विचारा: पाणी, नाश्ता, रुग्णवाहिका, बिघडलेली सायकल उचलणारी गाडी. टी-शर्ट आणि पदक यांच्यासाठीच फी वाढते, तेव्हा ती नको असल्यास बिनटीशर्टाची नोंदणी आहे का हेही विचारायला हरकत नाही. पावसामुळे रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख, हे भरण्याआधी ठरवून घ्या. हमीपत्रावर सही घेतात, ती वाचून करा. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची सही लागते.

पाहुण्यासारखं जा

क्लबांच्या रविवारच्या फेऱ्यांतही बाहेरच्या माणसाला बहुधा येऊ देतात. फक्त आधी एक ओळ पाठवावी: “सभासद नाही, एकदा बरोबर येऊ का? वेग ताशी चौदा.” वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. हवा भरलेली, जास्तीची ट्यूब आणि पाणी जवळ. पुढच्या माणसाच्या चाकाला चाक लावू नका. खड्डा दिसला की हात खाली करून मागच्याला दाखवा. मधूनच घरी वळायचं असेल तर सांगून वळा, नाहीतर बिचारा स्वीप तुम्हाला शोधत बसतो. शेवटी कुठल्या तरी हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि चहा होतो, तिथे आपला वाटा काढून ठेवा. सभासद होण्याचा आग्रह झाला तर “बघतो” म्हणावं. गोव्यात या उत्तराचा राग कोणी धरत नाही.

सायकलच नसेल तर

भाड्याने मिळते. नाहीतर वाटाड्यासह जाणाऱ्या फेऱ्या आहेत, त्यात सायकल आणि हेल्मेट त्यांचंच. बी-लाईव्ह या कंपनीने २०१८ च्या सुमाराला गोव्यात बॅटरीच्या सायकलींवर अशा फेऱ्या सुरू केल्या. या पर्यटकांसाठी आहेत म्हणून आपण नाक मुरडतो, पण गुडघे कुरकुरणाऱ्या आई-बाबांना गावातून फिरवायचं असेल तर दुसरा इतका सोपा मार्ग मला माहीत नाही.

लांबच्या अंतराचं गुपित

गंमत अशी की सर्वांत खडतर फेरीलाही सभासदत्व लागत नाही. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या ऑडॅक्स इंडिया या संस्थेच्या कॅलेंडरवर शहरवार दिसतात. आयोजन स्थानिक गट करतो, नाव कोणीही प्रौढ माणूस नोंदवू शकतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास. ही शर्यत नाही, क्रमांक लावत नाहीत. थांबे धरून ताशी पंधरा पडले तरी २०० पूर्ण होतात. पण हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि रात्रीसाठी चमकणारं जॅकेट यांत सूट नाही. आधी साठ-सत्तर किलोमीटर सहज जमू द्या, मग याचा विचार करा. पणजीत २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या पोहणं-सायकल-धावणं स्पर्धेच्या आधीच्या महिन्यांत पहाटे वाऱ्यासारखे जाणारे गट दिसतात. ते नव्वद किलोमीटरच्या सरावात असतात, त्यांच्या मागे लागू नका.

काहीच जमलं नाही तर आपणच काढा

मोठी रॅली काढून रस्ता अडवायचा तर पोलिसांची परवानगी लागते. पाच-सहा जणांनी नियम पाळून एका रांगेत जायला लागत नाही. पहिल्या फेरीसाठी दिवाडीच घ्या. जुने गोव्याहून फेरीबोट, माणसाला तिकीट नाही. पलीकडे शेतांमधून पिएदाद गाव, तिथे चर्चच्या टेकडीची एकच काय ती चढण, आणि तीही ऐच्छिक. मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी फेरीबोट धरून नार्वे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीतच होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. म्हणजे देवाच्या वाटेनेच तुमची फेरी होते.

निरोप शुक्रवारपर्यंत पाठवा आणि त्यात सगळं असू द्या: “रविवार, सकाळी साडेसहा, जुने गोवे फेरी धक्का. नार्वेपर्यंत आणि परत, वीस किलोमीटरच्या आत. वेग ताशी बारा, कोणालाही मागे सोडणार नाही, स्वीप मी. हेल्मेट हवंच. नाश्ता ज्याचा त्याने. पाऊस असेल तर पुढच्या रविवारी.”