चीडच्या रोपवनात मातीतला कर्ब मोजताना या चुका टाळा

चीड म्हणजे हिमालयातला पाइन. त्याच्या एकाच रोपवनातल्या मातीतल्या कर्बाचे (कार्बनचे) दोन अहवाल जुळले नाहीत की बोट प्रयोगशाळेकडे जाते. पण बरीचशी गडबड नमुना पिशवीत भरण्याआधीच होऊन गेलेली असते.

दगड विसरणे. सूत्र सोपे आहे: कर्बाची टक्केवारी × स्थूल घनता (वाळलेल्या मातीचे दर घन सेंमीला ग्रॅम) × सेंमीमधली खोली = हेक्टरी टन. कर्ब 1.5 टक्के, घनता 1.2, खोली 30 सेंमी, म्हणजे 54 टन. पण ही टक्केवारी 2 मिमी चाळणीतून खाली पडलेल्या मातीची असते आणि उत्तराखंड-हिमाचलच्या चीडच्या उतारांवर गोटे भरपूर. आकारमानाने 30 टक्के दगड असतील तर तेच 54 टन 37.8 वर येतात. उलटी चूकही होते: फक्त बारीक मातीच्या वजनाला नमुना काढायच्या नळकांड्याच्या पूर्ण आकारमानाने भागून घनता काढली असेल, तर दगड त्यातच वजा झालेले असतात, पुन्हा वजा केले की कर्ब विनाकारण कमी दिसतो.

त्यात नळकांडे गोट्यांवर अडते आणि माणूस सहज दोन हात सरकून मऊ जागा शोधतो. तिथेच नमुना बिघडला. अशा जमिनीत सरळ छोटा खड्डा खणा, निघालेले सगळे जपा, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून मापाने पाणी ओता. ते खड्ड्याचे आकारमान. माती 105 अंशांवर वाळवून चाळा. दगडांच्या ग्रॅममधल्या वजनाला 2.65 ने भागले की त्यांचे आकारमान घन सेंमीमध्ये मिळते.

पिरूल मातीत मिसळणे. चीडच्या वाळक्या सुया, तिकडच्या भाषेत पिरूल, लिग्निन या चिवट द्रव्यामुळे सावकाश कुजतात आणि जाड थर धरतात. हा थर मातीबरोबर खरवडला तर वरच्या 10 सेंमीची टक्केवारी फुगते. फेकून दिला तर साठ्याचा एक हिस्साच गायब. आधी 50×50 सेंमीची चौकट ठेवून थर वेगळा उचला, 65-70 अंशांवर वाळवा, मग खाली खणा. चौकटीत 500 ग्रॅम निघाले तर हेक्टरी 20 टन पाचोळा. त्याचा निम्मा कर्ब धरण्याची सवय आहे, पण पाचोळ्यासाठी आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा) ठोकळ गुणक 0.37 आहे: 10 टन नव्हे, 7.4. जमलेच तर स्वतःचा पाचोळा तपासून घ्यावा.

महिनाही सांभाळा. सुया मुख्यतः उन्हाळ्यात गळतात आणि उत्तराखंडात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. जाड सालीमुळे मोठी झाडे वाचतात, पाचोळा राख होतो. एका वर्षी मेमध्ये आणि पुढे कधीतरी ऑक्टोबरमध्ये मोजून वाढ-घट सांगण्यात अर्थ नाही.

लागवडीआधी तिथे काय होते हे न विचारणे. आमच्या मते सगळ्यात महाग चूक हीच. गुओ आणि गिफर्ड यांनी 2002 मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा शेतजमिनीवरच्या रोपवनांत मातीतला कर्ब सरासरी 18 टक्के वाढलेला, तर कुरणांवरच्या रोपवनांत 10 टक्के घटलेला दिसला. नांगरून थकलेल्या जमिनीला मिळवायचे असते, गवताच्या दाट मुळांनी भरलेल्या जमिनीला गमवायचे असते. म्हणून तुलनेचा भूखंड त्याच जुन्या वापराचा, त्याच दिशेच्या उतारावरचा घ्या. उत्तरेकडचा उतार थंड आणि ओलसर असल्याने तिथे एरवीही कर्ब जास्त टिकतो. पीटवर, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली थरावर, तर झाडे लावूच नयेत. स्कॉटलंडच्या फ्लो कंट्री या पीटच्या प्रदेशात चर खणून स्प्रूस आणि पाइन लावले, पीट सुकले आणि साठलेला कर्ब हवेत जाऊ लागला.

दाबलेल्या मातीला वाढ समजणे. तोडणीच्या यंत्रांनी घनता 1.1 वरून 1.21 झाली, तर टक्केवारी तीच असूनही 30 सेंमीतला साठा 10 टक्के वाढलेला दिसतो. तुलना समान खोलीची नको, समान वजनाच्या मातीची करा.

किरकोळ पण नडणारे: वॉकली-ब्लॅक या रासायनिक तपासणीत सरासरी 77 टक्केच कर्ब सापडतो, म्हणून 1.3 ने गुणतात. तो गुणक आधीच लावला आहे का, हे विचारून घ्या. मसुरीसारख्या चुनखडीच्या भागात नमुना जाळून मोजत असाल तर आम्लाने चुना आधी काढा, नाहीतर त्यातला कर्बही मोजला जातो. हेक्टर आडव्या मापात धरतात, आणि 30 अंशांच्या उतारावर जमिनीवरचे 10 मीटर आडव्या मापात 8.66 भरतात.

आणि कोकणातल्या सुरूच्या बनाला पाइनचे आकडे लावू नका. सुरू सूचिपर्णी नाही. सुयांसारख्या दिसतात त्या बारीक डहाळ्या, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात.