रक्तपेढीतून ‘येऊन भेटा’ असा फोन आला तर

रक्तदानानंतर पेढीत रक्ताच्या चाचण्या होतात आणि त्यात काही संशयास्पद दिसलं की असा फोन येऊ शकतो. पण रक्त दिल्यामुळे संसर्ग होत नाही. सुई, नळी आणि 350 किंवा 450 मिलीची पिशवी सीलबंद, एकत्र जोडलेली येते आणि एकदाच वापरली जाते. चाचणीत खरंच काही निघालं, तर ते आधीचं असतं.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया. फोनवर बहुतेक वेळा काय निघालं ते सांगत नाहीत, कारण निकाल गोपनीय असतो. मात्र त्या मौनानेच माणूस रात्रभर जागा राहतो. तसं न करता दुसऱ्या दिवशी रक्तदाता कार्ड घेऊन जा आणि विचारा: कोणती चाचणी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली, म्हणजे संशयास्पद निघाली? एलायझा (यंत्रावर आकड्यात निकाल देणारी) की रॅपिड (पट्टीवर झटपट निकाल देणारी)? पुन्हा लावून पाहिली का? आकडा कट-ऑफच्या, म्हणजे ठरवलेल्या सीमारेषेच्या, किती पट आहे? कट-ऑफला जेमतेम ओलांडणारा आकडा बऱ्याचदा खोटा निघतो, पण त्यावर निर्णय ठोकू नका.

रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे आजार ठरला, असं नाही. ही चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. एकही दूषित पिशवी रुग्णापर्यंत जाऊ नये म्हणून. समजा, 1000 दात्यांत खरे बाधित 2 आहेत आणि चाचणी निरोगी माणसांपैकी 0.5 टक्क्यांना चुकून पकडते. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह साधारण 7 जण, त्यातले 5 निरोगी.

आता खात्री कशी करायची? एचआयव्हीसाठी सरकारी रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्र गाठा. तिथे तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, तर आणखी दोन वेगळ्या किट लावल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. शंका असेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा. कावीळ सीची अँटीबॉडी आजार बरा झाल्यावरही रक्तात राहते, म्हणून विषाणू आत्ता रक्तात आहे का ते पाहणारी एचसीव्ही आरएनए चाचणी करावी लागते. कावीळ बीची लस नुकतीच घेतली असेल तर आवर्जून सांगा. काही दिवस चाचणी त्यामुळेही रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. सिफिलिसची व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही प्राथमिक चाचणी गरोदरपणात, संधिवातासारख्या आजारांत खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचए या खात्रीच्या चाचणीने उलगडा होतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाच लॅबमध्ये तीच रॅपिड चाचणी पुन्हापुन्हा करणं. पैसे जातात, काळजी वाढते. नवा नमुना, वेगळी पद्धत आणि निकाल समजावून सांगणारा डॉक्टर, एवढं पुरे.

फोन आलाच नाही, तर? ते निरोगी असल्याचं प्रमाणपत्र समजू नका. हवं तर निकाल विचारा. आणि अलीकडेच जोखीम (असुरक्षित संबंध, वापरलेली सुई) घडली असेल, तर तपासणी होईल म्हणून रक्त देऊ नका. संसर्ग नवा असताना चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि ते रक्त कुणाला तरी चढतं. एचआयव्हीसाठी जोखमीनंतर चौथ्या पिढीच्या (नव्या प्रकारच्या) एलायझाला 45 दिवस, रॅपिडला 3 महिने द्या. जोखीम होऊन 72 तास उलटले नसतील, तर एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा. त्या 28 दिवस घ्याव्या लागतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.