सर्व्हर आपोआप इन्स्टॉल होताना पॅकेजच्या साइनिंग कीज कशा सांभाळायच्या

पॅकेजांची डिजिटल सही खरी आहे का हे जिच्यावरून तपासतात ती साइनिंग की. हाताने सर्व्हर इन्स्टॉल करताना "ही की मान्य आहे का" असं विचारलं तर उत्तर द्यायला समोर माणूस असतो. प्रीसीड, किकस्टार्ट किंवा क्लाउड-इनिट या आपोआप इन्स्टॉल-सेटिंग करणाऱ्या साधनांनी रात्रीत 40 मशीन्स उभी राहतात तेव्हा समोर कोणीच नसतं, त्यामुळे ते उत्तर आधीच देऊन ठेवावं लागतं. इन्स्टॉलच्या वेळी इंटरनेटवरून की ओढून आणायची नाही, आधी एकदा नीट तपासून ठेवलेली फाइलच मशीनला द्यायची, हे एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं.

आधी तपासणी. की डाउनलोड करा आणि जीपीजीला (कीज आणि सह्या हाताळणारं टूल) शो-कीज ऑप्शन देऊन उघडा, यात की इम्पोर्ट होत नाही, नुसती दिसते. पूर्ण 40 अक्षरांचा फिंगरप्रिंट, म्हणजे कीची ओळख पटवणारा कोड, घ्या आणि जिथून की आणली ती जागा सोडून दुसरीकडे कुठेतरी तो ताडून बघा, नाहीतर चोरालाच ओळखपत्र विचारल्यासारखं होतं. 8 अक्षरी छोट्या आयडीवर अजिबात जाऊ नका, तोच आयडी असलेली दुसरी की सहज बनवता येते हे 2014 मध्येच एव्हिल32 या प्रोजेक्टने दाखवून दिलंय. तिथेच एक्स्पायरीची तारीखही दिसते, ती लगेच टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका.

मग ही फाइल फिंगरप्रिंटसकट गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ठेवा. पब्लिक की आहे, लपवायची गरज नाही, पण ती कोण बदलू शकतं यावर मात्र लक्ष हवं.

डेबियन-उबुंटूवर एपीटी हे टूल पॅकेजेस इन्स्टॉल करतं, तिथे की टाकायला पूर्वी सगळे एपीटी-की अ‍ॅड ही कमांड मारायचे, डेबियन 13 मध्ये तर ती कमांडच काढून टाकली आणि बरंच झालं, कारण तशी टाकलेली की सगळ्या रिपॉझिटरींना (पॅकेजेस जिथून येतात ते साठे) चालायची, म्हणजे एका छोट्या टूलची की आणि तीच तुमच्या कर्नलच्या पॅकेजलाही पास करणार. आता फाइल ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज मध्ये ठेवायची आणि सोर्स फाइलमध्ये साइन्ड-बाय लिहून त्याच एका रिपॉझिटरीला बांधायची. की टेक्स्टमध्ये असेल तर एक्स्टेन्शन एएससी, बायनरी असेल तर जीपीजी. टेक्स्टची बायनरी करायची असेल तर आपल्या लॅपटॉपवरच करून ठेवा, मिनिमल इन्स्टॉलवर जीपीजी नसतंच बऱ्याचदा आणि स्क्रिप्ट तिथेच आपटते.

की फाइलची परमिशन 644 ठेवा, म्हणजे ती सगळ्यांना वाचता येते. यात माझी एक अख्खी रात्र गेलीय. स्क्रिप्टचा युमास्क (नव्या फाइलच्या परमिशन ठरवणारी सेटिंग) 077 होता, फाइल फक्त रूटला वाचता येत होती आणि एपीटी तपासणी करतं ते स्वतःच्या वेगळ्या युजरने, त्यामुळे लॉगमध्ये खाली ठळक "नो पबकी" (पब्लिक की सापडली नाही) आणि मी की चुकीची समजून तीच तीच परत डाउनलोड करतोय, खरं कारण वर वॉर्निंगमध्ये लिहिलेलं होतं, फाइल वाचता येत नाही म्हणून. वॉर्निंग्ज वाचा हो.

रेड हॅटच्या कुटुंबात वेगळी गंमत आहे. जीपीजीचेक 1 (सही तपासणी चालू) ठेवलेलं असतं म्हणून आपण निश्चिंत असतो, पण जीपीजीकी या सेटिंगमध्ये वेबचा पत्ता असेल आणि डीएनएफ, म्हणजे तिथलं पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल, मायनस वायने चालवलं तर तो की आणतो आणि स्वतःच "हो" म्हणून इम्पोर्ट करतो, कोणी फिंगरप्रिंट बघतच नाही. म्हणून किकस्टार्टच्या पोस्ट सेक्शनमध्ये आपली फाइल आधी मशीनवर ठेवा, आरपीएम इम्पोर्ट कमांडने ती की इम्पोर्ट करा आणि जीपीजीकीला लोकल पाथ द्या. क्लाउड-इनिटमध्येही कीआयडी देऊन कीसर्व्हरवर (इंटरनेटवरून कीज देणारा सर्व्हर) अवलंबून राहण्यापेक्षा अख्खी की टेक्स्ट म्हणून द्या.

आणि इन्स्टॉल अडकलं म्हणून ट्रस्टेड यस किंवा अलाउ अनऑथेंटिकेटेड हे सही तपासणी टाळणारे ऑप्शन टाकू नका, "तात्पुरतं" म्हणून टाकलेलं ते टेम्प्लेटमध्ये वर्षानुवर्षं राहतं.

की बदलणार असेल तर जुनी संपायच्या आधीच जुनी आणि नवी दोन्ही एकाच कीरिंगमध्ये (कीज ठेवलेली फाइल) एक्स्पोर्ट करून सगळीकडे पोचवा, चालू सर्व्हर्सवर सुद्धा, नुसतं इन्स्टॉलर बदलून भागत नाही. सगळीकडे नवीन सही चालायला लागली आणि जुन्या सहीचं काही उरलं नाही, मगच जुनी काढा.

शेवटी कोऱ्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन) दोनदा इन्स्टॉल करा. एकदा की सोबत आणि एकदा मुद्दाम की काढून. दुसऱ्या वेळी इन्स्टॉल थांबलंच पाहिजे, बिनबोभाट पुढे गेलं तर कुठेतरी चेकिंग बंद आहे, ते सापडेपर्यंत ती इमेज वापरू नका.