हजार-दोन हजारांत चांगले इअरफोन निवडताना

दुकानात किंवा संकेतस्थळावर इअरफोन पाहताना आपले लक्ष प्रथम खोक्यावरच्या आकड्यांकडे जाते. मात्र हजार-दोन हजार रुपयांच्या गटात आवाज बरा की वाईट हे ज्या गोष्टीवर सर्वाधिक ठरते, ती खोक्यावर छापलेलीच नसते. इअरफोनचे टोक आपल्या कानात किती घट्ट बसते, ही ती गोष्ट होय. इअरटिप आणि कानाची नळी यांच्यात थोडी जरी फट राहिली, तरी खर्जाचे सूर तिथून निसटतात आणि एरवी उत्तम असलेला इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो. ‘बेस नाही’ म्हणून परत केल्या जाणाऱ्या कित्येक इअरफोनांचा दोष खरे तर चुकीच्या मापाच्या टिपचा असतो.

म्हणून खोक्यात लहान, मध्यम आणि मोठी अशा किमान तीन मापांच्या सिलिकॉन टिप आहेत ना, हे आधी पाहावे आणि त्या तिन्ही लावून पाहाव्यात. कानाचा वरचा भाग किंचित मागे व वर ओढून टिप आत सरकवावी आणि मग स्वतःशीच दोन वाक्ये बोलावीत. आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला, तर टिप नीट बसली आहे असे समजावे. त्यानंतर काही तरी चावत असल्यासारखा जबडा हलवावा. तेवढ्याने खर्ज कमी-जास्त होत असेल, तर माप बदलून पाहावे. दोन्ही कानांना एकच माप बसेल असे नाही. उजव्या कानात मध्यम आणि डाव्यात मोठी टिप वापरण्यात काहीच गैर नाही. सिलिकॉन सतत घसरत असेल, तर फोमच्या टिप स्वतंत्र मिळतात. त्या दाबून आत घातल्यावर फुगतात आणि बाहेरचा गोंगाटही अधिक अडवतात. मात्र लवकर झिजतात.

दुसरा निर्णय वायरचा. त्याच किमतीच्या बिनवायरच्या जोडीत बॅटरी, ब्लूटूथची चिप आणि चार्जिंगची डबी यांचाही खर्च धरलेला असल्यामुळे प्रत्यक्ष आवाजासाठी कमी पैसे उरतात. शिवाय त्या इवल्याशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत मंदावतात आणि सहसा बदलता येत नाहीत. त्यामुळे घरी बसून गाणी किंवा व्याख्याने ऐकणाऱ्याने वायरचाच इअरफोन घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गर्दीच्या लोकलमध्ये ज्याची वायर रोज कुणाच्या तरी पिशवीत अडकते, त्याचे गणित अर्थातच वेगळे असेल. वायर हमखास प्लगपाशी किंवा कानाजवळ तुटते, म्हणून इअरफोनपासून सुटी करता येणारी वायर शक्यतो निवडावी. मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हन हर्ट्झचा सॉल्नोट्स झिरो यांसारख्या मॉडेलांत ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची अशी जोडणी असते. वायर खराब झाली तरी इअरफोन टाकून द्यावा लागत नाही.

फोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक नसल्यास टाइप-सीचा अडॅप्टर घ्यावा लागेल. तो घेताना त्यात डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचे आवाजात रूपांतर करणारी चिप, आहे ना हे विचारून घ्यावे. ती नसलेला स्वस्त अडॅप्टर मोजक्याच फोनांवर चालतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांविषयी. ड्रायव्हर, म्हणजे इअरफोनच्या आतला आवाज निर्माण करणारा छोटा भाग, १० मिलिमीटरचा आहे की १३ मिलिमीटरचा, यावरून आवाजाचा दर्जा कळत नाही. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात आणि वयानुसार वरची मर्यादा खाली येत जाते, त्यामुळे ‘४०,००० हर्ट्झपर्यंत’ या दाव्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. इम्पीडन्स, म्हणजे इअरफोनचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, १६ ते ३२ ओहमच्या आसपास असेल, तर साधा फोनही तो इअरफोन सहज वाजवतो. सर्वाधिक फसगत होते ती ईएनसी या अक्षरांनी. ईएनसी ही सोय फोनवर बोलताना आपल्या माइकमधला गोंगाट कमी करते, म्हणजे तिचा फायदा पलीकडच्या माणसाला होतो. आपल्या कानांवर येणारा बाहेरचा आवाज घटवायला एएनसी लागते.

आवाज पारखण्यासाठी नवे गाणे लावू नये. वर्षानुवर्षे ऐकलेलेच ध्वनिमुद्रण लावावे. शास्त्रीय गायनाची मैफल या कामी फार उपयोगी पडते. डग्ग्याची घुमारी ऐकू येते आणि तरी ती गायकाच्या आवाजावर चढून बसत नाही ना, तंबोऱ्याची जवारी मागे सलग जाणवते की नुसती भुणभुण होते, आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे कानाला टोचत तर नाहीत, हे लक्षपूर्वक ऐकावे. स्वस्त इअरफोनांत खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो. पहिली पाच मिनिटे तो सुखावतो, पण अर्ध्या तासाने त्याचाच शीण येतो. म्हणून किमान एक बैठक पूर्ण ऐकल्याशिवाय मत बनवू नये.

टिप घट्ट बसली की कमी आवाजातही सारे नीट ऐकू येते, आणि हा लाभ किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे.

स्वच्छतेच्या कारणास्तव उघडलेले इअरफोन काही विक्रेते परत घेत नाहीत, म्हणून परतीची अट पैसे देण्यापूर्वीच वाचावी. बिनवायरच्या जोडीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा आणि तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो.