ठिबक संचाला आम्ल देताना या चुका टाळा

जालना किंवा बीड जिल्ह्यातील मोसंबीच्या बागेत ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर दिसू लागला, की आम्ल आणून नळ्यांमध्ये सोडण्याची घाई होते. कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून गेला, की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडी, मागे उरते आणि ती हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते. त्यामुळे उपाय योग्य आहे. मात्र आधी थराचा तुकडा काढून त्यावर आम्लाचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर थर कार्बोनेटचा आहे. थर बुळबुळीत असेल आणि बुडबुडे येत नसतील, तर तो बहुधा शेवाळाचा किंवा जिवाणूंचा असतो आणि त्यावर क्लोरीनची प्रक्रिया करावी लागते.

सर्वांत जास्त घडणारी चूक आम्लाची मात्रा ठरवताना होते. पाण्याचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितके पाणी जास्त आम्लधर्मी) 8 आहे आणि तो 4 वर आणायचा आहे, एवढ्यावरून शेजाऱ्याने वापरलेलीच मात्रा आपल्याही संचाला दिली जाते. सामू मोजताना पाण्यातील हायड्रोजन आयनांची त्या क्षणीची तीव्रता कळते. आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद किती आहे, हे त्यावरून कळत नाही. ती ताकद बायकार्बोनेटच्या प्रमाणावर, म्हणजे पाण्याच्या अल्कतेवर, अवलंबून असते. दोन विहिरींच्या पाण्याचा सामू सारखाच 7.8 असला, तरी एकीची अल्कता लिटरला 100 मिलिग्रॅम आणि दुसरीची 300 मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) असेल, तर बाजारात मिळणारे सुमारे 32 टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल 1,000 लिटर पाण्यासाठी पहिलीला सुमारे 200 मिलिलिटर आणि दुसरीला सुमारे 600 मिलिलिटर लागते. कमी पडले तर थर तसाच राहतो आणि जास्त झाले तर जाळीचे फिल्टर व धातूचे जोड खराब होतात.

म्हणून मात्रा प्रत्येकाने आपल्याच पाण्यावर तपासावी. प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर पाणी घेऊन त्यात एकेक मिलिलिटर आम्ल टाकावे, ढवळावे आणि सामू मोजण्याच्या कागदाने सामू पाहावा. सुरुवातीला सामू फारसा हलत नाही, पण बायकार्बोनेट संपत आले की तो एकदम घसरतो; त्या टप्प्यावर थेंबाथेंबाने पुढे जावे. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे 4 ऐवजी 3 येणे ही किरकोळ चूक नसून आम्लता दहापट वाढणे आहे. मिळालेली मात्रा पाण्याच्या प्रमाणात वाढवून ते पाणी नळ्यांमध्ये भरावे, सुमारे 24 तास तसेच ठेवावे आणि मग नळ्यांची टोके उघडून पाणी वाहू द्यावे. स्वस्त पडते म्हणून गंधकाम्ल वापरू नये, कारण कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन कमी विरघळणारे जिप्सम तयार होते आणि कधी तेच ड्रीपरमध्ये अडकते.

आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये. शेवाळासाठी आणलेली ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकाच टाकीत कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हातावर आम्ल पडल्यास वर सोडा किंवा चुना चोळण्याची सवय घातक आहे. त्या अभिक्रियेत उष्णता निघते आणि जखम वाढते. दूषित कपडे काढून भरपूर पाण्याने किमान 15 ते 20 मिनिटे धुणे हाच प्रथमोपचार आहे, म्हणून पाण्याची भरलेली टाकी जवळ असल्याखेरीज बाटली उघडू नये.

नळ्या साफ झाल्यावर तेच आम्ल झाडाच्या बुडाशी ओतून पिवळी पाने हिरवी करण्याचा प्रयत्नही केला जातो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो निष्फळ ठरतो. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचे वजन सुमारे 20 लाख किलो भरते, त्यात 1 टक्का चुनखडी असली तरी ती 20 टन होते आणि ती संपवण्यासाठी जवळपास तितकेच गंधकाम्ल लागेल. अशा जमिनीत लोह न मिळाल्याने पाने पिवळी पडत असतील, तर जास्त सामूतही टिकणारे ईडीडीएचए प्रकारातील लोहाचे चिलेट, म्हणजे लोह धरून ठेवून ते विरघळलेले राखणारे संयुग, द्यावे. ईडीटीए प्रकारातील चिलेट तेथे लवकर निकामी होते.