स्नायू, चरबी आणि दमसास: तिन्ही एकदम साधायचं असेल तर या चुका टाळा

जिममध्ये नाव घालणाऱ्या बहुतेकांना तीन गोष्टी हव्या असतात. पोट उतरावं, अंगात ताकद आणि आकार यावा, आणि पाच-दहा किलोमीटर धावताना दम लागू नये. यातली एकही इच्छा चुकीची नाही. नवख्या माणसाला तर काही महिने या तिन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात, कारण ज्या शरीराला वजन उचलायची आणि पळायची सवयच नाही, ते थोड्या कामानेही बदलू लागतं. पाच वर्षं व्यायाम करणाऱ्याला चरबी घटवता घटवता स्नायू वाढवणं फार अवघड जातं. नवख्याला ते जमतं.

घोळ होतो तो तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्ण जोर लावून करण्यात. आठवड्यातले सहा दिवस जिम, रोज पहाटे धावणं आणि जेवण निम्मं. महिन्याभरात गुडघा किंवा नडगी दुखू लागते, चिडचिड वाढते, काटा हलत नाही आणि माणूस ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून सोडून देतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण अशा माणसात जिद्द भरपूर असते, फक्त मांडणी चुकलेली असते.

तिन्ही एकदम पुढे रेटणं

अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट हिक्सन यांचा 1980 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात आजही आधाराला घेतला जातो. एका गटाने फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमसासाचा आणि तिसऱ्याने दोन्ही. दहा आठवड्यांच्या त्या प्रयोगात तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला पहिल्या गटासारखीच वाढली, पण सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास थांबली आणि मग उतरू लागली. दमसासाला मात्र धक्का लागला नाही.

हा प्रयोग ऐकून अनेकजण ‘पळालं की मसल जातात’ असं सांगत सुटतात. ते लोक काय करत होते ते पाहा: आठवड्यातले पाच दिवस जड ताकदीचा व्यायाम आणि सहा दिवस जोरकस दमसासाचा. एवढं ओझं नवख्याने घ्यायचंच नसतं. दोन्ही बेताने केलं तर स्नायूंच्या वाढीला फारसा अडथळा येत नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसत गेलं. अडथळा आला तर तो मुख्यतः झटक्याच्या ताकदीला, म्हणजे उडी, फेक आणि छोट्या अंतराच्या धावेला.

म्हणून दहा-बारा आठवड्यांसाठी एकच गोष्ट पुढे ठेवा आणि बाकीच्या दोन फक्त टिकवा. टिकवायला वाढवण्याइतकं काम लागत नाही. कमावलेले स्नायू तरुण माणसात आधीच्या साधारण एक तृतीयांश सेटमध्येही (सेट म्हणजे न थांबता केलेल्या उचलींची एक फेरी) अनेक महिने टिकतात, फक्त उचलायचं वजन हलकं करायचं नाही.

काय पुढे ठेवायचं? पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या वर असेल तर आधी चरबी. हातपाय काटकुळे आणि पोट फारसं नसेल तर आधी ताकद; अशा माणसाने जेवण कमी करायचा विचारही करू नये. तारीख ठरलेली शर्यत समोर असेल तर दमसास. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिथे 10 किंवा 21 किलोमीटर धावायचं असेल, तर वजन घटवायचं काम पावसाळ्यात उरका. नोव्हेंबर-डिसेंबरात अंतर वाढत असताना जेवण तोडलं, तर शर्यतीआधीच पाय जायबंदी होतात.

नवख्याचा आठवडा साधा असावा. दोन किंवा तीन दिवस सगळ्या अंगाची ताकद: बैठक, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उभं राहत उचलणं), बेंच प्रेस (बाकावर पडून वजन वर ढकलणं) किंवा जोर, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) आणि खांद्यांचा एक प्रकार. दोन किंवा तीन दिवस हलकं धावणं किंवा सायकल. एक दिवस पूर्ण सुट्टी. छातीचा वेगळा, दंडाचा वेगळा, पाठीचा वेगळा दिवस ही वाटणी पहिल्या सहा महिन्यांत कुणालाच लागत नाही, आणि तीत पायांचा दिवस हमखास बुडतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

आपल्याकडे हे तिहेरी गणित सगळ्यांत गंभीरपणे सोडवायला लागतं ते भरतीच्या मुलामुलींना, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर, बाकी वाटणी तीच. म्हणजे 50 पैकी 30 गुण झटक्याच्या ताकदीचे आहेत. तरीही गावोगावच्या मैदानांवर पहाटे पाहिलं तर बहुतेक मुलं फक्त राउंड मारत असतात, तेही रोज आणि रोज जीव तोडून.

याने दुहेरी तोटा होतो. रोजच्या दमछाकीने 1600 चा वेळ एका जागी अडकतो आणि जी ताकद गोळ्याला आणि शंभरला हवी तीच झिजते. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. तो नुसत्या हाताने जात नाही. पायांतून आणि कमरेतून निघालेला जोर खांद्यापर्यंत पोचावा लागतो. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस तरी जड बैठका आणि डेडलिफ्ट हवेत. तालमीत जाऊन जोर-बैठका काढणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की शेकडो बैठकांनी दम वाढतो. ताकद वाढवायला ओझं वाढवावं लागतं. बारबेल नसेल तर वाळूचं पोतं खांद्यावर घ्या.

धावण्यात आठवड्यातून एक दिवस 400 मीटरचे तुकडे, एक दिवस शंभरचे स्प्रिंट आणि बाकी संथ धाव. स्प्रिंट आणि गोळा नेहमी ताज्या पायांनी, मोठ्या धावेच्या दुसऱ्या दिवशी नाही. मुलांच्या छातीची अट न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून किमान 5 सेंटिमीटर जास्त अशी असते. छातीसाठी जेवण वाढवायला लागणाऱ्या सडपातळ मुलाने वजन घटवण्याच्या गोळ्या आणि ‘फॅट बर्नर’कडे ढुंकूनही पाहू नये. आणि मैदानावर मिळणारं इंजेक्शन किंवा उत्तेजक घेणं म्हणजे नोकरीआधी जीव पणाला लावणं.

प्रत्येक धाव शर्यतीसारखी धावणं

नवख्याची संथ धाव जवळजवळ नेहमीच फार वेगाची असते. ओळखायची खूण सोपी आहे: धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग कमी करा, लागलं तर चाला. या संथ वेगानेच दमसासाचा पाया घडतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकांसाठी पायांत जीव उरतो. पहिले सहा ते आठ आठवडे वेगाचा एकही दिवस नको. आधी वेळ वाढवा. वजन 90 किलोच्या पुढे असेल तर चढावर भरभर चालणं किंवा सायकल घ्या. सायकलने सांध्यांना धक्के बसत नाहीत आणि पायांची ताकद वाढण्यात धावण्याइतका अडथळा येत नाही.

नडगी दुखण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, हाडं आणि स्नायुबंध त्याहून खूप सावकाश. दम आहे म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि नडगी मागे राहते. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर दोन आठवडे धावणं निम्मं करा आणि पोटऱ्यांची ताकद वाढवा. एकाच बिंदूवर बोट दाबलं की कळ येते, चालतानाही किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकतं, असं असेल तर धावणं बंद करून हाडांच्या डॉक्टरकडे जा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

ताकद आणि धाव एकाच वेळी करायची असेल तर आधी ताकद, मग धाव. सकाळ-संध्याकाळ वेगळं जमलं, मध्ये सहा तास मिळाले, तर उत्तमच.

ताटातली गडबड

चरबी घटवताना रोज 300 ते 500 कॅलरी कमी खाणं पुरेसं असतं. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरावं. 80 किलोच्या माणसाचं 400 ते 800 ग्रॅम. याहून वेगाने उतरलं तर चरबीबरोबर स्नायूही जाण्याची भीती असते.

खरी उणीव प्रथिनांची असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची सर्वसाधारण शिफारस दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅमची आहे. वजन उचलणाऱ्याने 1.6 ग्रॅमच्या आसपास जावं. 70 किलोच्या माणसाला म्हणजे 112 ग्रॅम. आता आपलं शाकाहारी ताट पाहा. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, वाटीभर उसळ, पातळ वरण, भात, थोडं दही, रात्री जवळपास तेच. बेरीज साठ ग्रॅमच्या आसपास येते. वरण पौष्टिक आहे, पण त्यात पाणीच जास्त. उरलेले पन्नास ग्रॅम ठरवून आणावे लागतात: सुक्या 50 ग्रॅम सोयाबीन वड्यांतून 26 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमधून 18, तीन अंड्यांतून 18, 100 ग्रॅम शिजलेल्या चिकनमधून 30 च्या आसपास. व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची भुकटी) चालते, पण ती सोय आहे, औषध नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

शेंगदाण्यांबद्दल गैरसमज मोठा आहे. 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण सोबत साडेपाचशेहून जास्त कॅलरीही येतात. वजन वाढवणाऱ्याला हे वरदान, पोट उतरवणाऱ्याने मुठीवर थांबावं.

उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी खाऊन डेडलिफ्ट करू नका. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. त्या दिवशी सुट्टी किंवा हलकं चालणं ठेवा. ताटात दूध, दही, राजगिरा, पनीर वाढवा. आणि लांब धावेच्या आदल्या रात्री भाकरी-भात तोडणं हाही हट्टच. धावायला तेच इंधन लागतं.

धावून किती जळतं याचाही अंदाज चुकतो. दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी; 70 किलोचा माणूस 5 किलोमीटर धावला तर 350. आणि भाजीत पडलेलं एक मोठा चमचा जास्तीचं तेल 120.

काटा हलत नाही तेव्हा

ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. शरीर त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. नव्याने व्यायाम सुरू झाला की स्नायूंत ग्लायकोजेन आणि पाणी दोन्ही वाढतं, म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांत चरबी घटत असूनही काटा तिथेच राहू शकतो. बायकांमध्ये मासिक पाळीच्या आसपास पाणी साठून वजन वर-खाली होतं. रोजच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. आठवड्याची सरासरी, बेंबीच्या रेषेत कंबर आणि वहीत लिहिलेली उचललेली वजनं, हे तिन्ही एकत्र वाचा.

वजन स्थिर, कंबर कमी, उचल वाढती: उत्तम चाललंय, काहीही बदलू नका. वजन उतरतंय आणि उचलही उतरतेय: जेवण फार तोडलंय किंवा प्रथिनं कमी आहेत, रोज 200 कॅलरी वाढवा. तीन आठवडे वजन आणि कंबर दोन्ही जागच्या जागी: खाणं वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. तेल, चहातली साखर आणि शनिवार-रविवारचं बाहेरचं जेवण आठवडाभर लिहून काढा. सकाळची विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला सात-आठ ठोके जास्त लागत राहिली आणि व्यायामाची इच्छाच होत नसेल, तर चार-पाच दिवस निम्मं काम करा.

मुलींची पाळी लांबली किंवा थांबली, तर तो मेहनतीचा पुरावा समजू नका. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असते, आणि हाडांचं त्यात मोठं नुकसान होतं. जेवण वाढवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. छातीत दुखणं, चक्कर, धडधड हे तर कुणीच अंगावर काढू नये. चाळिशीपुढच्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी सुरुवातीआधीच तपासणी करून घ्यावी.

झोप वाचवून पहाटे धावणाऱ्यांसाठी 2010 मध्ये शिकागोत झालेला एक छोटा प्रयोग महत्त्वाचा आहे. त्याच लोकांना सारखंच कमी जेवण देऊन एकदा साडेआठ तास, एकदा साडेपाच तास झोपेला दिले. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. रात्री बारा वाजता झोपून साडेचारला उठण्यापेक्षा त्या दिवशीची धाव सोडलेली बरी.

खंड पडतोच. गणपती, दिवाळी, लग्नसराई, परीक्षा. अशा आठवड्यांत दोन दिवस अर्ध्या तासात तीन मोठे व्यायाम आणि एक संथ धाव एवढं टिकलं तरी कमावलेलं हातचं जात नाही. पंधरा दिवस पूर्ण सुटले, तर आधीच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांवर आणि निम्म्या अंतरावर सुरुवात करा. दोन आठवड्यांत बहुतेक परत येतं.